शिवड्याच्या पोटात काय होतं

रविवारी नांदेडात बापांची गर्दी होते. लातूर, उदगीर, किनवट, देगलूर, कुठून कुठून पहाटेच्या गाडीने येतात आणि क्लासच्या गल्लीत उभे राहतात. पोरं टेस्टला बसलेली असतात, दुपारशिवाय सुटत नाहीत. आया आल्या तर त्यांना काम असतं. त्या खोली झाडतात, उशांचे अभ्रे काढून नळाखाली धरतात, घरमालकिणीशी पाण्यावरून भांडतात. बापाला काही काम नसतं. तो चहा पितो, निकालाच्या फलकावरचे फोटो एकेक करून बघतो, परत चहा पितो आणि मग माझ्या मेसमध्ये येऊन बाकड्यावर बसतो.

मी त्या गल्लीत बरीच वर्षं मेस चालवली. इकडे पोळ्यांचा तवा तापलेला, तिकडे बाकड्यावर बाप. सगळ्यांचा प्रश्न एकच, "ताई, माझी पोरगी नीट जेवते का?" उत्तर दिलं तरी थोड्या वेळाने तोच प्रश्न परत. एका रविवारी मी कंटाळून म्हणाले, "स्वयंपाक झालाय. मी आता मासे धरायला चाललेय. येता का?" दोघं आले. पुढच्या रविवारी आणखी तिघं आले. असा माझा दुसरा धंदा सुरू झाला. लोक मला गाइड म्हणायला लागले. मी बापांना नदीवर नेऊन बसवत होते, एवढंच.

मासे धरायला मी भूकंपानंतर शिकले. आमचं गाव औशाकडचं, तेरणेजवळचं. भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. घरातलं माणूस कुणी गेलं नाही, घर गेलं. मग पत्र्याच्या शेडात राहायचं, पत्र्याच्याच शेडात शाळा, आणि दिवसभर मदतीच्या ट्रका. त्या मदतीत ढिगाने मच्छरदाण्या आल्या. शेडात त्या टांगायला जागा नव्हती. आम्ही पोरींनी एक मच्छरदाणी दोन बांबूंना बांधली आणि ओढ्यात आडवी धरली. वर काढली तर त्यात झिंगे, काचेसारखे आरपार दिसणारे मासे आणि एक मिशीवाला, ज्याने माझ्या अंगठ्यात काटा घुसवला. अंगठा टम्म फुगला. आईने हळद लावली आणि विचारलं, "चावला त्याचं नाव तरी ठाव हाय का?"

ठाऊक नव्हतं. त्या ओढ्यातून मी जन्मल्यापासून पाणी आणत होते आणि त्यात राहतं कोण हे मला माहीत नव्हतं. त्याचा मला राग आला. अंगठ्यापेक्षा जास्त त्याचा.

त्याला शिंगटी म्हणतात, हे मला लग्न होऊन नांदेडला आल्यावर कळलं. इतवाऱ्यात छत्र्या दुरुस्त करणारे एक चाचा बसायचे. छत्रीचा धंदा पावसापुरता, म्हणून बाकी वर्षभर ते गळ, शिसं आणि तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, विकायचे. स्वतः रोज पहाटे गोदावरीवर जायचे. मी गळ घ्यायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "साहब के वास्ते?"

"साहेबांना पोहता येत नाही. माझ्यासाठी."

चाचांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मोठा गळ आत ठेवला आणि लहान काढला. "आधी ह्याच्यावर हात बसवा."

नदीचं वर्ष कसं चालतं ते त्यांनी शिकवलं. पाऊस सरता सरता मरळ. ती उथळ पाण्यात, गवताच्या कडेला असते, तिच्या नाकासमोरून बेडूक सरकवायचा. थंडीत रोहू आणि कटला. त्यांना शेंगदाण्याची पेंड बडीशेप घालून मळून द्यायची आणि तरंग्याकडे बघत बसून राहायचं. पाणी तापायला लागलं की शिवडा. चपटं डोकं, लांब मिशा, तोंडभर बारीक दात आणि माणसाच्या पायाएवढा लांब. "त्याला मेलेलं नको, चालतं-फिरतं पायजे," चाचा सांगायचे.

बापांमध्येही हे तीन हंगाम दिसायचे. शाळामास्तर रोहूला चांगले, त्यांना वर्गात बसून राहायची सवय. दुकानदार मरळीला चांगले. शिवडा मात्र सगळ्यांनाच हवा असायचा. एक तहसील कचेरीतले कारकून तासभर बसले आणि घड्याळ बघून म्हणाले, "अजून कसा काय लागला नाही?" रविवारी आमच्याबरोबर येणारे चाचा म्हणाले, "मासा काय बाईंच्या मेसचं पोर हाय का, घंटी वाजली की ताट घेऊन येईल?"

आम्ही बसायचो तो डोह मुदखेडच्या अलीकडे होता. तिथलं पाणी भोई लोकांच्या सोसायटीकडे होतं. ते पावसाळ्यात कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडायचे आणि थंडीत जाळ्याने धरायचे. आम्हाला गळ टाकू द्यायचे ते एका मावशींमुळे. मावशी सोसायटीचा मासा नांदेडच्या बाजारात विकायच्या आणि माझ्या मेसचा बुधवारचा मासा त्यांच्याकडूनच यायचा. सोसायटीत पद त्यांच्या नवऱ्याला होतं, पण बोलायचं ते मावशीच बोलायच्या.

एका वर्षी संक्रांतीनंतर मी मासा घ्यायला गेले तर त्यांनी मासे चिरायच्या पाट्यावरून मान वर न करता सांगितलं, "ताई, डोह बंद."

"बंद म्हणजे?"

"म्हंजे गळ बंद. आमची माणसं तसं ठरवून राहिली. बोटुकली सोडली, ती जाळ्यात येऊन नाही राहिली. मंग गेली कुठं? तुमच्या गळवाल्या सायबांच्या पिशवीत."

"त्या साहेबांना गांडूळ लावता येत नाही, मावशी. त्यांना कटला कुठून लागणार?"

"ते बी खरं हाय." मावशी हसल्या, पण मागे हटल्या नाहीत. "होळीच्या आधी बैठक हाय. तवा पक्कं व्हईल."

डोह गेला असता तर माझा रविवार गेला असता. मेसचं मी कसंही निभावलं असतं. पण आठवड्यातून एकदा मी अशा जागी बसायचे जिथे मला माहीत नसलेलं काहीतरी रोज घडत होतं, आणि ती जागा मला सोडायची नव्हती. त्याहून वेगळं म्हणजे, मला खरोखर कळेना की कटला गेला कुठे. आमच्या बापांनी नेला नव्हता, हे मला दिसत होतं. मग कुणी?

चाचांना विचारलं. ते म्हणाले, "शिवडा. और कौन?"

मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "शिवडा पयल्यापासून हाय. त्याला आत्ताच भूक लागली का?"

"तुम्ही शिवड्याच्या पोटात कधी बघितलंय?"

मावशींचा हात थांबला. आयुष्यभर त्यांनी रोज मासे चिरले होते. आतडी काढायची, बाजूच्या बादलीत टाकायची, पुढचा मासा घ्यायचा. गिऱ्हाईक उभं असतं. बादलीत कोण बघतो? "न्हाई बा," त्या म्हणाल्या.

"मग एक शिवडा धरू. तुमच्यासमोर चिरू. कटला निघाला तर दोष शिवड्याचा."

"आन् न्हाई निघाला तर?"

"तर गळ बंद करा. मी स्वतः बापांना सांगेन."

चाचा नंतर मला म्हणाले, "इत्ती बडी बात बोलायची काय गरज होती?" मला गरज वाटली होती. उत्तर काय येईल हे माहीत नसताना विचारलं तरच विचारण्याला अर्थ असतो.

पाणी तापेपर्यंत थांबावं लागलं. महाशिवरात्र झाल्यावरच्या रविवारी आम्ही गेलो. मावशी पाटा आणि सुरी घेऊन आल्या. चाचा होतेच. बापांमधले आले होते शिरूर अनंतपाळचे वायरमन. त्यांची मुलगी दुसऱ्यांदा मेडिकलच्या परीक्षेला बसणार होती, म्हणून त्यांचं नांदेडला येणं-जाणं तिसऱ्या वर्षीही चालू होतं. बोलणारा माणूस. खांबावर चढून चढून हातांना चांगली पकड आलेली. शिवड्याचं वेड त्यांच्याइतकं कुणालाच नव्हतं. ते घरून येतानाच जिवंत आमिष घेऊन यायचे, झाकणाच्या दुधाच्या कॅनमध्ये. त्यांच्या गावाजवळ एक खदान होती. भूकंपानंतर घरं बांधायला दगड-मुरूम काढून काढून खोल झालेली. तिच्यात पाणी साचलं, त्यात कुणीतरी चिलापी, म्हणजे बाहेरून आलेला तिलापिया मासा, सोडली आणि ती इतकी वाढली की टोपलीने काढावी. एसटीत कॅन मांडीवर घेऊन बसायचं, मध्येमध्ये झाकण उघडून पाणी हाताने ढवळायचं, म्हणजे पिल्लं जगतात. कंडक्टर विचारायचा, "दूध हाय का?" ते म्हणायचे, "हाव, पोहणारं."

त्यांनी सगळ्यांच्या गळाला पुरतील एवढी पिल्लं आणलेली असायची. त्या दिवशीही तसंच. चाचांनी एक पिल्लू पाठीच्या पंखाखालून गळाला लावलं, डोहाच्या खोल कडेला सोडलं आणि काठी वायरमनच्या हातात दिली.

शिवडा लागतो तेव्हा आधी काहीच होत नाही. रोहू तरंगा हलवतो, मरळ पाणी फोडते. शिवड्याला कळत असतं की आपल्याला घाई नाही. दोरी नुसती एका बाजूला चालायला लागते, कुणीतरी ती बोटात धरून फिरायला निघाल्यासारखी. वायरमननी ओढायला हात उचलला तसे चाचा खेकसले, "रुको! गिळू द्या त्याला!" दोरी चालत राहिली. मावशी सुरी हातात धरून उभ्या. मग चाचांनी मान हलवली आणि वायरमननी हिसका दिला.

काठी वाकून वाकून पाण्याला टेकायला आली. शिवडा तळाला जाऊन बसायचा आणि दगड अडकल्यासारखं वाटायचं, मग दगड चालायला लागायचा. शेवटी तो उथळ पाण्यात आला, आडवा झाला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला काठावर ओढला. वायरमन घामाने निथळत होते. "पोरीला फोटो पाठवतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "नको, दुपारी. आत्ता टेस्ट चालू हाय."

मावशींनी पाटा मांडला. पोट चिरलं, अन्नाची पिशवी वेगळी केली आणि तिला उभा छेद दिला. आम्ही चौघं डोकी एकत्र करून बघत होतो.

वरची चिलापी ताजी, ती आमच्या गळाची. तिच्या खाली आणखी एक, अंगाचं कातडं गेलेलं. तिच्या खाली आणखी, नुसता सांगाडा आणि पाठीवरचे काटे. मावशींनी एकेक उचलून बोटाने पंख उघडला. "चिलापी," त्या म्हणाल्या. "ही बी चिलापी. ही बी." त्यांनी पिशवी पार उलटी केली. कटल्याचं खवलंसुद्धा नव्हतं.

म्हणजे मी हरले होते. मी माझाच शब्द दिला होता, आणि मावशी माझ्याकडे बघत होत्या. मला मात्र वेगळाच विचार पडला होता. या डोहात मी दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत चिलापी पाहिली नव्हती. मी म्हणाले, "इतकी चिलापी इथे आली कुठून?"

तेवढ्यात वायरमननी, दर रविवारी करायचे तसं, कॅनचं झाकण काढलं, उरलेली पिल्लं पाण्यात सोडली आणि हात जोडले.

"अवो!" मावशी ओरडल्या. "काय करून राहिले तुम्ही?"

"सोडली," वायरमन गोंधळले. "जित्ती हायत. काठावर टाकून मारायची का? कुणाचा जीव कशाला घ्यायचा?"

त्यांच्या पायाशी चिरलेला शिवडा पडला होता. पण त्यांचं म्हणणं त्यांना आणि खरं तर आम्हा सगळ्यांनाच बरोबर वाटत आलं होतं. उरलेलं आमिष सोडून द्यायचं, ही चाचांचीच शिकवण. चाचा सोडायचे ती त्याच नदीतली गांडुळं आणि बेडूक. वायरमननी आणलेलं मात्र दुसऱ्या पाण्यातलं होतं, आणि त्यांचं बघून बाकीचे बापही वाटणीची उरलेली पिल्लं हात जोडून सोडायचे. मुलाचं भलं व्हावं म्हणून कुणी दोन जास्तच सोडायचं. मीही ते बघत बसायचे.

"किती वर्षं झाली हे?" मावशींनी विचारलं.

"पोरगी अकरावीला आली तवापासून."

मावशी डोक्याला हात लावून खाली बसल्या. चाचा पलीकडे बघून म्हणाले, "या अल्ला."

त्याच दिवशी निकाल लागला असता. पण मावशी हुशार. त्या म्हणाल्या, "एका माशावरून कायी खरं न्हाई. एक शिवडा चिलापी खाऊन राहिला, दुसरा कटला खात असंल." बैठकीपर्यंत बाजारात येईल त्या प्रत्येक शिवड्याच्या आणि मरळीच्या पोटात त्या बघणार होत्या. आणि त्यांनी बघितलं. मी मासा घ्यायला गेले की त्या आधी निकाल सांगायच्या. "आज बी चिलापी." "आज एका पोटात बेडूक." "आज पोट रिकामं, उपाशी गेला बिचारा." गिऱ्हाइकं वैतागली. एक बाई म्हणाली, "मावशी, मासा द्या लवकर, त्याची चौकशी काय करता?" मावशी म्हणाल्या, "थांब की. केस चालू हाय."

कटल्याची पिल्लं निघाली, नाही असं नाही. पण क्वचित. मग आम्ही चिलापीचीही पोटं चिरली. त्यात हिरवा चिखल होता, पाण्यातलं शेवाळ. मावशींनी तो बोटावर घेऊन चोळला. "हेच तर कटल्याचं जेवण," त्या म्हणाल्या. मला ते लगेच कळलं. मेसमध्ये नाव न घालता पंगतीला बसणारी पोरं असतात. ती कुणाला मारत नाहीत, फक्त भाजी संपते.

म्हणजे सगळं उलटं झालं होतं. शिवडा आणि मरळ सोसायटीचं काम करत होते, चिलापी कमी करत होते. आमचे गळ नेमके तेच मासे काढत होते, वर आम्ही काठावरून चिलापी भरत होतो. कटला आम्ही पिशवीतून नेला नव्हता, पण नेला होताच.

बैठक नदीकाठीच झाली. वायरमन कामावर सुटी टाकून आले. मी म्हटलं होतं, मी सांगते. ते म्हणाले, "न्हाई ताई, सोडली मी, सांगणार बी मीच." उभं राहून त्यांनी सांगितलं. खदान, कॅन, एसटी, सगळं. "पुण्य म्हणून सोडली," ते शेवटी म्हणाले.

सोसायटीतले एक म्हातारे बसल्या जागेवरून ओरडले, "पुण्य तुमच्या पोरीला, अन् रिकामं जाळं आमाला का?"

सगळे हसले, वायरमनही. हसू ओसरल्यावर मी पोटांचं सांगितलं आणि मावशींनी बाजारातलं सांगितलं. बराच गलका झाला. काहींचं म्हणणं, बाईने शब्द दिला होता, गळ बंद. मी म्हणाले, शब्द दिला होता, बंद करा. त्यावर मावशी उठल्या. "बंद करून चिलापी कोण काढणार? जाळं टाकलं तर कटल्याची पिल्लं बी त्यात येऊन मरतील. ह्यांना काढू द्या की. ह्यांनीच घातली." ठरलं ते असं: गळ टाकायचा तर चिलापीसाठीच. शिवडा किंवा मरळ लागली तर परत पाण्यात. बाहेरून जिवंत काही आणायचं नाही. चिलापी एकदा वर आली की खाली जाणार नाही. पावसाळ्यापर्यंत बघायचं, मग परत बैठक.

मी मेसमध्ये बापांना सांगितलं. शिवड्यासाठी येणारे गळले. तहसीलवाले म्हणाले, "तळहाताएवढा मासा धरायला इतक्या लांब कशाला यायचं?" गल्लीत परत चहा सुरू झाला. डोहावर आलो ते आम्ही तिघं. चाचा, वायरमन आणि मी.

आणि चिलापी लागेना. शिवड्याला ओढणारे हात, पण चिलापी आमिष कडेकडेने कुरतडून नेते आणि गळ तसाच चकचकीत ठेवते. गांडूळ, पेंड, कणीक, सगळं झालं. तोंड लहान, म्हणून गळ लहान केला. तरी नाही. ती एकच घास तोंडात घेऊन थुंकते आणि परत घेते, हे मला काठावरून पालथं पडून बघितल्यावर दिसलं. का थुंकते? चव बघते का? मग मेसमधली शिळी पोळी भिजवून, गळावर अगदी नखाएवढी लावली. दुसऱ्यांदा घेते तेव्हा ओढायचं. लागली. दुपारपर्यंत बादली भरली. त्यानंतर लागतच गेल्या. एप्रिलपासून एक-दोन मास्तरही परत यायला लागले, कारण हे काम अवघड आहे असं त्यांच्या कानावर गेलं होतं.

वायरमनच्या मुलीला त्या वर्षी पुढे नंबर लागला. मेडिकलला नाही, फिजिओथेरपीला, लातूरला. तिची परीक्षा मे महिन्यातच झाली, तेव्हापासून नांदेडला यायचं त्यांना कारण उरलं नव्हतं, तरी पावसाळ्याआधीच्या बैठकीला ते आले आणि मागे बसले. डोह आमच्याकडे राहिला. मागच्या बैठकीत ओरडलेल्या म्हाताऱ्यांनीच आधी हात वर केला.

पुढच्या थंडीत जाळ्यात कटला चांगला आला. मावशींनी माझ्या मेसला डोक्याएवढा एक आणून दिला आणि म्हणाल्या, "बघा, चिलापी काढली म्हणून."

"किंवा पाऊस चांगला झाला म्हणून," मी म्हणाले. त्या वर्षी नदी दोन वेळा दुथडी भरली होती. पाणी जास्त तर शेवाळ जास्त, मग चिलापी असो नसो, कटला पोसणारच. दोन्हींतलं कारण कोणतं, ते अजून मला सांगता येत नाही.

"मंग कसं कळायचं?"

"पुढच्या साली पाऊस कमी झाला आणि तरी कटला आला, तर कळेल."

मावशींनी हातातली सुरी पाट्यावर आपटली. "तोंड धुवा ताई! पाऊस कमी व्हावा म्हणून बसून राहिल्या का तुम्ही?" गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी कटला पिशवीत घातला आणि निघाले.